‘द डेव्हिल इन द डार्क’ला मराठी सबटायटल्स: कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून सुरुवात. काम एवढंच: ‘स्टार ट्रेक’ या अवकाशयानाच्या गोष्टींच्या अमेरिकी मालिकेच्या मूळ मालिकेतल्या एका भागाला मराठी सबटायटल्स करायची आणि तो भाग बल्लारपूरला आईच्या टीव्हीवर दाखवायचा.

आईचं वय ७९. बाबा कोळशाच्या खाणीत ओव्हरमन, म्हणजे कामावर देखरेख करणारे होते. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायचं. आम्ही ते शेजारच्या काकूंकडे, कृष्णधवल टीव्हीवर बघायचो. इंग्रजी फक्त बाबांना जेमतेम कळायचं, मग ते बघता बघता सगळ्यांना सांगत जायचे. एका रविवारी गोष्ट खाणीची निघाली म्हणून बाबा अगदी पुढे सरकून बसले होते. तेवढ्यात खाणीतून निरोप आला आणि ते अर्ध्यातून उठून गेले. पुढचं चित्र आईने बघितलं, पण सांगणारं कोणी नव्हतं. ‘ती दगडाची आई जगली का रे पुढे?’ असं ती नंतर कितीतरी वर्षं विचारायची.

चित्रावरून ते कळायला मार्गच नाही. शेवटचा प्रसंग यानावर आहे, तिथे सगळं बोलण्यातून उलगडतं आणि होर्टा, म्हणजे ती दगडाची आई, दिसतच नाही. मी आईला दिवाळीत सांगितलं होतं की जगली. ती म्हणाली, “ते तू सांगून राहिली. मला बघायचंय.”

भाग १९६७चा. ९ मार्चला अमेरिकेत एनबीसीवर पहिल्यांदा दाखवला. लेखन जीन कून, दिग्दर्शन जोसेफ पेव्हनी.

आजचा खर्च: पहिल्या सीझनची जुनी ब्लू-रे, १,८५० रुपये. ड्राइव्ह भाच्याकडून उसना.

१४ जानेवारी

डिस्कवरून भाग काढला, दोन तास गेले आणि चुकीची आवृत्ती निघाली. या ब्लू-रेवर प्रत्येक भाग दोन रूपांत आहे: जुन्या दृश्यांसह मूळ, आणि ग्रह-यानांची दृश्यं संगणकावर नव्याने केलेला. माझ्याकडे नवा आला. आईने बघितला तो जुना, म्हणून मला जुनाच हवा. डिस्कवर एकाच भागाच्या दोन याद्या दिसतात आणि लांबी जवळजवळ सारखी असते. आधी दोन मिनिटं चालवून ग्रहाचं पहिलं दृश्य बघून घ्या, मगच पूर्ण काढा. पुन्हा दोन तास.

१९ जानेवारी, रविवार

संवादांच्या वेळा स्वतः लावायच्या तर महिना जाईल, म्हणून मैत्रिणीकडच्या जुन्या डीव्हीडीवरच्या इंग्रजी सबटायटल्सच्या वेळा घेतल्या. ६३४ ओळी. पहिल्या मिनिटाला बरोबर बसल्या. दहाव्या मिनिटाला पंचवीस सेकंदांचा फरक, म्हणजे यानावरचा अधिकारी स्पॉक बोलायचा आणि अक्षरं खाण-प्रमुख व्हँडरबर्गची यायची. मी सगळ्या ओळी पंचवीस सेकंदांनी सरकवल्या. दहावं मिनिट जुळलं, सुरुवात बिघडली. मग तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा सरकवत बसले. अख्खी दुपार गेली.

कारण रात्री उमगलं. ती डीव्हीडी पाल या जुन्या टीव्ही-पद्धतीची, सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम). ब्लू-रे २३.९७६ची. पाल डिस्कवर तोच भाग सुमारे चार टक्के जलद पळतो, त्यामुळे फरक ठरावीक न राहता वाढत जातो आणि शेवटी दोन मिनिटांवर पोचतो. ‘सबटायटल एडिट’ या मोफत प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट बदलायची सोय आहे. २५वरून २३.९७६ केलं आणि सगळ्या ओळी एका फटक्यात जागेवर आल्या. तुमच्या वेळा सुरुवातीला जुळत असतील आणि पुढे पुढे घसरत असतील, तर सरकवायच्या फंदात पडू नका, आधी हे तपासा.

२१ ते २४ जानेवारी

शाळेतून आल्यावर रोज दीड तास. पहिल्या २०० ओळींचा कच्चा मसुदा झाला.

दोन चुका, दोन्ही कीबोर्डच्या. मराठी कीबोर्ड चालू ठेवून मी काही ओळींची वेळ दुरुस्त केली, ते आकडे देवनागरीत पडले आणि फाइल उघडेना. वेळेच्या रकान्यात इंग्रजी आकडेच लागतात, आणि सेकंदांनंतर टिंब नव्हे, स्वल्पविराम. दुसरी चूक महागात पडली. एका संध्याकाळी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून एएनएसआय पद्धतीत जतन केली. दुसऱ्या दिवशी सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं. ६० ओळी पुन्हा लिहिल्या. जतन करताना यूटीएफ-८ निवडलंय का ते दर वेळी बघा, आणि रोजची फाइल तारखेच्या नावाने वेगळी ठेवा.

२६ जानेवारी, रविवार

आज बसले ती नावावर आणि सर्वनामांवर. या भागाचं खरं काम इथेच आहे.

गोष्ट थोडक्यात. जेनस-६ या ग्रहावर पर्जियम नावाच्या खनिजाची खाण आहे. कामगारांनी तेविसाव्या पातळीवर खणायला घेतलं आणि तेव्हापासून माणसं मरू लागली. पन्नासेक माणसं जळून गेलीत. यानाचा कप्तान किर्क, स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय येतात. मारणारा जीव आपल्यासारखा कार्बनचा नसून सिलिकॉनचा आहे, खडकातून तो पाण्यातून गेल्यासारखा जातो. व्हँडरबर्गच्या टेबलावर एक गुळगुळीत गोळा पडलेला असतो. तसे हजारो गोळे खाली आहेत आणि खाणवाले ते फोडून टाकत आलेत. ती अंडी असतात.

इंग्रजीत भागभर त्या जिवाला ‘इट’ म्हणतात. किर्क शेवटी हत्यारं घेऊन आलेल्या कामगारांना अडवून समजावतो तेव्हा ‘शी’ येतं. हा एक बदल अख्ख्या भागाचा कणा आहे. मराठीत मात्र नुसत्या सर्वनामावर भागत नाही. ‘आला, आली, आलं’, प्रत्येक क्रियापद लिंग सांगून टाकतं.

मी पहिल्या मसुद्यात कामगारांच्या तोंडी ‘राक्षस’ घातलं आणि सगळीकडे ‘तो’ केलं. मग स्पॉकच्या तोंडी ‘प्राणी’, तोही ‘तो’. वाचायला सरळ, पण त्यामुळे शेवटचा बदल ‘तो’वरून ‘ती’ असा झाला, जणू सगळ्यांना नर वाटलेला प्राणी मादी निघाला. मुळात तसं नाही. मुळात वस्तूचं माणूस होतं.

उपाय आपल्या भाषेतच होता: जनावर. नपुंसकलिंगी. ‘ते जनावर पुन्हा आलं.’ ‘ते खडकातून गेलं.’ किर्क आणि त्याची माणसं ‘ते’ म्हणतील. खाणकामगार चिडून ‘राक्षस’ आणि ‘तो’ म्हणतील, कारण त्यांच्या डोक्यात त्याचा चेहरा आधीच ठरलाय. आणि ‘त्याने मारलं’ हे रूप ‘तो’ आणि ‘ते’ दोन्हींना चालतं, त्यामुळे बऱ्याच ओळी आपोआप वाचल्या. १४१ ओळी बदलाव्या लागल्या. सहा तास.

२८ जानेवारी

भागाचं नाव. ‘काळोखातला राक्षस’ लिहून ठेवलं होतं. आज पुढचा प्रसंग करताना ते खोडलं. स्पॉक त्या जिवाच्या मनाशी मन जोडतो तेव्हा त्याच्या तोंडून होर्टा माणसांनाच ‘डेव्हिल्स’ म्हणते. नावातला डेव्हिल कोण, हा प्रश्न तिथे उलटा फिरतो. म्हणून नावात आणि त्या किंकाळीत एकच शब्द पाहिजे. माणसांना ‘राक्षसांनो’ म्हटलं की पौराणिक नाटकासारखं वाटतं. ‘सैतान’ दोन्हीकडे बसतो. नाव ठरलं: ‘काळोखातला सैतान’.

३० जानेवारी

याच प्रसंगातल्या पहिल्या शब्दावर आज अडले. स्पॉक ओरडतो, ‘पेन!’ मी ‘वेदना!’ लिहिलं होतं. फोनवर आईला सहज विचारलं, खूप लागलं तर माणूस काय ओरडतं? बाबांच्या खाणीतल्या अपघातांनंतर दवाखान्यात ती अनेकांच्या उशाशी बसलेली आहे. म्हणाली, “वेदना तर कोणी ओरडत नाही. ‘दुखतंय’ म्हणते, नाहीतर ‘आई गं’.”

‘आई गं’ या भागात फार जड झालं असतं, आणि पुढचं आधीच सांगून टाकलं असतं. ‘दुखतंय! दुखतंय!’ ठेवलं. स्पॉकचं काम करणारे लिनर्ड निमॉय तो शब्द ज्या घशातून काढतात त्याच्याखाली ‘वेदना’ नुसती छापील दिसत होती.

हे चित्रीकरण चालू असताना किर्कचं काम करणाऱ्या विल्यम शॅटनरचे वडील वारले. शॅटनर अंत्यविधीला गेले आणि काही चौकटींमध्ये किर्क पाठमोरा दिसतो तो बदली माणूस आहे. आता तो प्रसंग दहा सेकंद मागे-पुढे करत शंभरदा बघितल्यावर ती पाठ मला वेगळी ओळखू येते.

२ फेब्रुवारी, रविवार

भाचा आला, सातवीत आहे. त्याला पहिली पंचवीस मिनिटं दाखवली, मराठी कसं वाचलं जातं ते बघायला. बोगद्यातला प्रसंग चालू असताना त्याने विचारलं, “मावशी, हे जनावर बाई आहे का?”

थांबवून बघितलं. २१४व्या ओळीत मी घाईत ‘ती पुन्हा आली’ लिहून गेले होते. मला शेवट माहीत आहे, हात आपोआप ‘ती’कडे जातो. शोधल्यावर अशा आणखी तीन जागा निघाल्या. माहीत नसलेल्या एका माणसाला दाखवल्याशिवाय फाइल संपली असं समजू नका.

त्याने दुसरीही गोष्ट दाखवली. मी सिलिकॉन म्हणजे काय हे पडद्याच्या वरच्या बाजूला एका ओळीत समजावलं होतं. तो ती वाचत राहिला आणि स्पॉकचं बोलणं हुकलं. ओळ काढली. स्पॉक स्वतःच पुढे सगळं समजावतो.

४ ते ७ फेब्रुवारी

वाचण्याचा वेग. प्रोग्रॅम सेकंदाला किती अक्षरं पडतात ते मोजतो आणि जास्त झाली की ओळ लाल करतो. माझ्या निम्म्या ओळी लाल. दोन संध्याकाळी मी ओळी छाटत बसले, चांगले शब्द गेले. मग लक्षात आलं की देवनागरीची मोजणीच वेगळी होते. काना, वेलांटी, पाय मोडण्याची खूण, सगळं तो स्वतंत्र मोजतो. ‘किर्क’ आपल्याला दोन अक्षरं, त्याला पाच. ‘स्त्री’ आपल्याला एक, त्याला सहा.

म्हणून मोजणी सोडली आणि घड्याळ घेतलं. आईला व्हिडिओ कॉलवर मजकूर दाखवून वाचायला लावला. तिला सेकंदाला दोन शब्द आरामात जमतात, तीन झाले की धावपळ होते. दोन शब्दांचा हिशेब धरून ओळी पुन्हा बघितल्या. छाटलेल्यांपैकी ३८ ओळी जुन्या फाइलमधून परत आणल्या. तारखेच्या फाइली ठेवल्या होत्या म्हणून मिळाल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस तीन शब्दांवर गेला.

जखमी होर्टा दगडात अक्षरं जाळते: नो किल आय. तिला भाषा नुकतीच, स्पॉकच्या मनातून, अर्धवट कळलीय. किर्क विचारतो, ही आपल्याला मारू नका अशी विनवणी आहे, की मी मारणार नाही असं वचन? दोन्ही अर्थ उघडे राहायला हवेत.

‘मला मारू नका’ म्हटलं की वचन गेलं. ‘मी मारणार नाही’ म्हटलं की विनवणी गेली. ‘मी नाही मारत’ हे भांडणातलं लहान मूल बोलतं तसं. मराठीला विभक्ती लागते, आणि विभक्ती आली की कोण कोणाला हे ठरून जातं. मग विभक्तीच काढून टाकली. नवी भाषा शिकणारा तेच करतो. माझ्या वर्गात तेलुगू घरातली मुलं पहिले काही महिने असंच बोलतात, शब्द बरोबर, जोड नाही.

‘नको मारणे मी.’

तीन शब्द, क्रमही तोच. ‘मारणे’ला कर्ता नाही, ‘मी’ला प्रत्यय नाही. लिंगही कळत नाही. ही ओळ पडद्यावर वरच्या बाजूला टाकली, नाहीतर दगडातली मूळ अक्षरं झाकली जातात.

मग त्यापुढचं, स्पॉक तिच्या मनातून बोलतो ते. लेकरांसाठी रड, चिरडल्या गेलेल्यांसाठी अश्रू गाळ, अशा अर्थाच्या ओळी आहेत. त्या मी ओवीसारख्या करून बघितल्या, यमक जुळवून. कागदावर छान दिसल्या. पडद्यावर दोन सेकंदांत मावेनात, आणि स्पॉकच्या तुटत्या आवाजाखाली त्यांची चाल खोटी वाटली. काढल्या. फक्त ‘मुलं’च्या जागी ‘लेकरं’ ठेवलं.

१३ फेब्रुवारी

मॅकॉयच्या दोन ओळी. होर्टाची जखम बांधायला सांगितल्यावर तो म्हणतो, मी डॉक्टर आहे, ब्रिकलेअर नाही. ‘वीट रचणारा’ लिहिण्याची काही गरज नव्हती, आपल्याकडे गवंडी आहे. ‘मी डॉक्टर आहे, गवंडी नाही!’ आणि पुढे तो खरोखर निवाऱ्याच्या बांधकामाचं काँक्रीट मागवून जखमेवर लिंपतो, म्हणजे गवंडीकामच करतो. शब्द चपखल बसला.

दुसरी ओळ अवघड. बरं केल्यावर खुशीत म्हणतो, आता मी पावसाळी दिवससुद्धा बरा करेन. चंद्रपूरच्या उन्हात राहिलेल्या माणसाला पाऊस हे दुखणं वाटणारच नाही. ‘अवकाळी पाऊससुद्धा बरा करेन’ केलं. कापूस भिजवणारा पाऊस आमच्याकडे सगळ्यांना दुखणंच वाटतो.

तू-तुम्हीचंही आज ठरवलं. किर्क आणि मॅकॉय एकमेकांना तू. स्पॉक सगळ्यांना तुम्ही, कायम. किर्क स्पॉकला चारचौघांत तुम्ही, दोघंच असताना तू. यामुळे एक जागा उजळली. सुरुवातीला स्पॉक म्हणत असतो की जमल्यास त्याला जिवंत पकडावं, आणि किर्क मारायच्या बाजूने. नंतर किर्क एकटा त्या जिवासमोर सापडतो, हत्यार खाली करतो, आणि दुरून स्पॉकच त्याला मारा म्हणतो. दोघांच्या भूमिका पूर्ण बदललेल्या असतात, पण स्पॉकचं ‘तुम्ही’ सुटत नाही. त्यातून त्याची काळजी जास्त ऐकू येते.

१६ फेब्रुवारी, रविवार

पेन ड्राइव्हवर फाइल घेऊन बल्लारपूर. आईच्या टीव्हीवर मराठीच्या जागी चौकोन. टीव्हीची सेटिंग बदलल्यावर अक्षरं आली, पण मोडलेली: वेलांटी अक्षराच्या मागे, रफार सुटा, जोडाक्षरं पाय मोडून उभी. त्या टीव्हीला देवनागरी जोडता येत नाही, फाइल कितीही बरोबर असली तरी. आईने कौतुकाने दोन ओळी वाचायचा प्रयत्न केला. बघवेना, बंद केला. १५० किलोमीटर जाऊन परत.

टीव्हीवर विसंबू नका. सबटायटल्स चित्रातच छापून घ्या.

१८ ते २० फेब्रुवारी

‘हँडब्रेक’ या प्रोग्रॅमने सबटायटल्स चित्रात छापली. पहिल्यांदा अक्षरं बारीक, दुसऱ्यांदा पांढरी अक्षरं व्हँडरबर्गच्या उजळ कार्यालयात दिसेनाशी. तिसऱ्यांदा ‘मुक्ता’ हा फाँट जाड करून, काळी कड देऊन. प्रत्येक वेळी माझा जुना लॅपटॉप पावणेदोन तास घेतो. आधी फक्त दोन मिनिटांचा तुकडा छापून बघितला असता तर दोन रात्री वाचल्या असत्या. नवा पेन ड्राइव्ह, ४२० रुपये.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी साडेदहाला लावलं. आई पुढच्या खुर्चीत, चष्मा पुसून.

होर्टा पहिल्यांदा दिसली तशी ती म्हणाली, “ही लाल कशी?” तिच्या लक्षात ती काळीच राहिली होती, कृष्णधवल टीव्हीमुळे. मी सांगितलं की आत यानोश प्रोहास्का नावाचा मूळचा हंगेरीचा माणूस आहे, हातापायांवर रांगत. त्याने हा वेश घालून आधी लेखकाला सरपटून दाखवला होता. ती म्हणाली, “माणूस नको दाखवू मला आता,” आणि परत वाचायला लागली.

‘नको मारणे मी’ आलं. तिने मोठ्याने वाचलं. थांबली. “मारायला नको म्हणते. पण कोणी कोणाला?” पुढच्याच ओळीत किर्कने तेच विचारलं, तेव्हा तिने माझ्याकडे वळून बघितलं.

फुटलेल्या अंड्याचा तुकडा किर्कच्या हातात आला, आणि तो कामगारांना सांगू लागला की ती शांत होती, तुम्ही तिच्या लेकरांच्या खोलीत घुसेपर्यंत तिची काही हरकत नव्हती. तिथे माझं पहिलं ‘ती’. आईचे ओठ हलत होते, ओळ दोनदा वाचली असावी. गवंडीवर हसली. शेवटी यानावर कळतं की पिल्लं बाहेर आलीत, बोगदे खणून राहिलीत आणि कामगारांना नुसतं मागे जाऊन माल उचलायचाय. तेव्हा म्हणाली, “म्हणजे जगली.” मग जरा वेळाने, “त्यांना सांगायला पाहिजे होतं.” बाबांना जाऊन अकरा वर्षं झालीत.

एक दुरुस्ती तिने लगेच काढली. कामगारांच्या तोंडी मी सगळीकडे ‘खाण’ लिहिलंय. “खाण काय म्हणतात ते? खदान म्हणतात. तुझे बाबा कधी खाणीत गेले का?”

२५ फेब्रुवारी

कामगारांच्या ओळींत ‘खाण’ होतं ते १७ ठिकाणी ‘खदान’ केलं. किर्क आणि स्पॉक बाहेरचे, त्यांचं ‘खाण’ तसंच ठेवलं. सापडलेली एक चुकीची वेळ, ४०२वी ओळ, अर्ध्या सेकंदाने मागे घेतली. फाइल पुन्हा छापायला लावली, पावणेदोन तास. एकूण ७१ तास आणि २,२७० रुपये, बल्लारपूरच्या फेऱ्यांचं पेट्रोल वेगळं. पेन ड्राइव्ह शनिवारी आईकडे पोचेल. शेजारच्या काकूंनाही बघायचंय म्हणते.